आत्याच्या लहानपणीचा फोटो

माझ्याकडे जुना फोटो आला की कामाला हात घालण्याआधी मी एका कागदावर लिहून घेते : कुणाचा, कुणी दिला, कुठं बिघडलाय आणि कशासाठी हवाय. लोकांना ही चौकशी जास्तीची वाटते. पण निवृत्तीच्या समारंभात पडद्यावर दाखवायचा फोटो वेगळा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चढणारा वेगळा आणि घराच्या भिंतीवर कायमचा राहणारा वेगळा. भिंतीवरचा फोटो रोज जवळून बघितला जातो. त्यात खोटं काही घातलं तर आज ना उद्या कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतंच.

हे माझं पोटापाण्याचं काम नाही. मी शिरूरमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. मुली शिकायला बाहेर गेल्या, घरातला कॉम्प्युटर रिकामा पडला, आणि त्याच सुमारास आमचे एक साहेब निवृत्त झाले. त्यांचा लहानपणीचा एकच फोटो होता, तोही ओल लागून डागाळलेला. तो नीट करायला कुणी तयार होईना, म्हणून मी घरी नेला. आठवडाभर बसून, चुकत-माकत, बरा केला. तेव्हापासून लोक आणून देतात. न्हावऱ्याहून, तळेगावहून, थेट दौंडहूनसुद्धा. मला कामाला लावल्याबद्दल मी त्या साहेबांची मनातून आभारी आहे. नाहीतर संध्याकाळ टीव्हीपुढे गेली असती.

येणारे बहुतेक फोटो ब्लॅक अँड व्हाइट आणि बहुतेक लहान मुलांचे असतात. त्याला कारण आहे. मुलाचे पहिले केस, म्हणजे जावळ, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. एकदा जावळ काढलं की ते रूप गेलं. म्हणून त्याआधी मुलाला नटवून घोडनदीला, म्हणजे आमच्या शिरूरलाच, किंवा दौंडला न्यायचं आणि स्टुडिओत एक फोटो काढून घ्यायचा, अशी रीत होती. त्यानंतर एकदम लग्नातच फोटो. मधल्या वर्षांचं काही नाही.

लहान मुलांचा फोटो सुधारणं मोठ्यांपेक्षा अवघड असतं, हे मला उशिरा कळलं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर रेषा असतात. थोड्या पुसल्या गेल्या तरी माणूस ओळखू येतो. लहान मुलाच्या चेहऱ्यावर रेषाच नसतात. जे काही असतं ते गालाच्या कडेला, केसांच्या मुळाशी आणि डोळ्यांतल्या प्रकाशाच्या ठिपक्यात असतं. मोबाइलमधलं चेहरा आपोआप गुळगुळीत करणारं बटण दाबलं की मूल गोड दिसतं, पण ते आपलं राहत नाही. एकदा एका सहकाऱ्याच्या फोटोला मी ते बटण दाबलं. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, “ताई, आमच्या आईनं लावलेली तीट कुठं गेली?” गालावरची काजळाची तीट बटणानं डाग समजून पुसली होती. मी ती परत आणली आणि ते बटण कायमचं सोडलं.

आता सगळं हातानं करते. मोठा स्कॅन, मग पिवळेपणा काढणं, मग काळ्याला खरा काळा आणि पांढऱ्याला खरा पांढरा करणं. डाग आणि चिरा एकेक करून. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तिथं हात आखडता.

माझी आत्या तळेगाव ढमढेऱ्याला असते. माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या आसपास. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर माझ्यापेक्षा चांगली. तिची नात बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली, आणि बघायला येणारा प्रत्येक जण म्हणू लागला की पोर थेट पणजीच्या तोंडावळ्याची आहे. मीही बघायला गेले तेव्हा तेच म्हणाले. आत्या मेथी निवडत होती. हातातली जुडी बाजूला ठेवून तिनं मला आत बोलावलं आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली.

तळाशी, एका खणाच्या घडीत फोटो होता. पोस्टकार्डाएवढा. खुर्चीवर बसलेलं दीड-दोन वर्षांचं मूल, अंगात झालरीचा फ्रॉक, दोन आखूड वेण्या, त्यांना फुलं. चेहरा जवळजवळ उडालेला. मधोमध घडी, त्या घडीवर बुरशी.

“ह्यो माझा,” आत्या म्हणाली. “लगीन झालं तवा आईनं ट्रंकेत घातला. बोलली काय न्हाई. मलाच हितं आल्यावर घावला.”

“तुझाच कशावरून?”

“फ्रॉक कुणाचा असंल मग, तुझ्या आज्याचा?” ती म्हणाली. “आन् मला आठवतंय की. वडगावहून घोडनदीला गेल्तो, बैलगाडीनं. खुर्ची आठवती, काळं कापड आठवतं. त्या कापडाचा वास लई घाण व्हता.”

तिची सून, म्हणजे माझी वहिनी, दारातून म्हणाली, “आई, वास पण फोटोत येतो का बघा. ताई काढून देतील.”

आत्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाली, “बाई, समदी म्हनत्यात पोरगी माझ्यावानी हाय. म्हंजी कशी? मी माझं त्या वयातलं तोंड कवा बघितलंच न्हाई. ह्यात दिसत न्हाई. तू काढ बाहेर. हिचा एक फोटो आन् माझा एक, शेजारी-शेजारी लावायचाय. मरायच्या आधी बघू दे तरी.”

माझ्या कागदावर मी ‘कशासाठी’समोर लिहिलं : आत्याला स्वतःचा चेहरा बघायचा आहे. आजवर इतकं सरळ कारण कुणी सांगितलं नव्हतं.

शिरूरला आल्यावर काम सुरू केलं. बुरशीचे ठिपके काढण्यात बरेच दिवस गेले. घडीची रेघ नाकाजवळून जात होती, तिथं फार जपून. मग काळ्या-पांढऱ्याचा तोल साधायला घेतला आणि चेहरा हळूहळू वर यायला लागला. मी खूश होते. डोळे सापडले, त्यांतले ठिपके सापडले, हनुवटी सापडली. त्यानंतर मुलाच्या डाव्या बाजूच्या केसांतला काळोख थोडा कमी केला, आणि तिथं कान दिसला.

कानाची वरची कड आत दुमडलेली होती, जणू कुणी चिमटीत धरून मुडपली आहे.

तो कान मी आयुष्यभर बघितला होता. माझे वडील दौंडला रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. पेन्सिल ते नेहमी उजव्या कानावर ठेवायचे, कारण डाव्या कानावर ती टिकायची नाही. आम्ही भावंडं त्यांच्या पाठीवर चढून तो कान उलगडायचा प्रयत्न करायचो आणि ते ओरडायचे, “सोडा, मोडेल.” आत्याचे दोन्ही कान सरळ आहेत. कुड्या घालते तेव्हा नीट दिसतात.

फोटो वडिलांचा होता. फ्रॉक आणि वेण्यांचं काही नवल नव्हतं. जावळाआधी मुलग्याला मुलीसारखं नटवून फोटो काढायची हौस आमच्याकडे घरोघरी असते. माझ्या भावाचाही परकरातला फोटो आहे, आणि त्याच्या लग्नात तो आम्ही मुद्दाम मोठा करून लावला होता. पण आत्याच्या फोटोकडे कुणी त्या नजरेनं बघितलंच नव्हतं. चेहरा उडालेला, फ्रॉक दिसत होता, आणि फोटो होता एका बाईच्या ट्रंकेत.

मला रडू आलं, ते आनंदानंच. वडील जाऊन काही वर्षं झाली. त्यांचा आमच्याकडचा सगळ्यात जुना फोटो रेल्वेच्या ओळखपत्रावरचा, मिशीवाला. हे मूल मी पहिल्यांदा बघत होते. पण डोळे पुसून होतात न होतात तोच आत्याचं वाक्य आठवलं. तिचा चेहरा ह्या फोटोत नव्हता. कुठल्याच फोटोत नव्हता. तिचा लहानपणीचा फोटो कुणी काढलेलाच नव्हता; असता तर तिच्या आईनं ट्रंकेत तोच घातला असता.

नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “ह्या वयात कशाला सांगतेस? कानावर केस ओढ. तुला काय अवघड आहे?”

अवघड नव्हतं, हे खरं. शेजारच्या वेणीतले चार केस उचलून कानावर ठेवले असते तर आत्यानं तो फोटो छातीशी धरला असता. मी खरंच एकदा ठेवून बघितले. छान बसले. मग काढून टाकले. ह्या फोटोत ती रोज स्वतःला शोधणार होती, पोरीच्या चेहऱ्याशी पडताळून बघणार होती, आणि जुळत नाही म्हणून कष्टी होणार होती. आणि मी ते बघत बसणार होते.

मधे तिचा फोन आला. “काय गं, फोटो धुतीस का इणतीस?” मी म्हटलं, रविवारी येते. काय सांगायचं ते ठरेना, म्हणून उरलेलं काम पुरं करायला बसले. फोटोचा खालचा कोपरा नुसता काळा होता. खुर्चीवर टाकलेल्या कापडाची घडी असेल असं मी धरून चालले होते. काळोख उजळत गेले तशी घडीला बोटं फुटली. चार बोटं. फ्रॉकची मागची बाजू घट्ट धरून ठेवणारी. मनगटावर काचेच्या बांगड्या, त्यातली एक फुटकी असावी, कारण तिची रेषा मधेच तुटत होती. हात मोठ्या बाईचा नव्हता. सात-आठ वर्षांच्या मुलीचा होता.

मूल खुर्चीत एकटं बसत नसेल तर कुणालातरी खुर्चीमागे बसवायचं आणि वर कापड टाकायचं, ही स्टुडिओवाल्यांची पद्धत. मूल एकटंच बसलंय असं दिसतं.

मी दोन प्रिंट काढल्या, एक अख्ख्या फोटोची आणि एक नुसत्या त्या कोपऱ्याची, आणि रविवारी तळेगावला गेले.

आत्यानं प्रिंट हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. पहिल्यांदा हसली. मग हसू थांबलं. मी काही बोलायच्या आत तिनंच अंगठा कानावर ठेवला.

“ह्यो दादा हाय,” ती म्हणाली. माझ्या वडिलांना ती दादा म्हणायची, धाकटे असूनसुद्धा.

“हो.”

“म्हंजी माझा न्हाईच.”

“नाही, आत्या.”

वहिनी चहा घेऊन आली होती, ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. आत्यानं प्रिंट मांडीवर पालथी ठेवली. मी घाईघाईनं दुसरी प्रिंट पुढं केली आणि त्या हाताचं सांगू लागले. बांगड्या दाखवल्या. स्टुडिओची पद्धत सांगितली. ती माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “हातावरनं काय तोंड वळखू येतं व्हय?”

तिचं बरोबर होतं. तिनं हात मागितलाच नव्हता. वहिनीनं पुढं केलेला कप मी घेतला.

चहा संपल्यावर तिनं ती दुसरी प्रिंट आपणहून उचलली. “कापड,” ती म्हणाली. “मी कापडाच्या आत व्हते. म्हनून वास आठवतोय. त्यो फोटोवाला सारखा वरडत व्हता, हलू नको, हलू नको. दादा रडत व्हता. मी आतनं त्याच्या पाठीत बोट घालून गुदगुल्या केल्या तवा गप झाला.” मग माझ्याकडे बघून, “माझा काढला न्हाई त्या दिशी. मला वाटलं व्हतं काढतील. आईनं माझी बी वेणी घातली व्हती.”

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मला मात्र ते ऐकवेना.

मी तिला तेव्हा जे नीट बोलू शकले नाही, ते इथं लिहिते. माझे वडील आठवीपासून अकरावीपर्यंत ह्याच घरात राहून शिकले. वडगाव रासाईला, म्हणजे त्यांच्या गावाला, तेव्हा हायस्कूल नव्हतं. आत्या नवीन सून होती, घरात सासू, दीर, नणंदा. अशा घरात माहेरचा भाऊ शिकायला ठेवून घेणं म्हणजे काय, हे मला स्वतःचं लग्न झाल्यावर कळलं. वडील सांगायचे, ती आधी त्यांना वाढायची आणि सासूनं विचारलं की म्हणायची, त्यानं शाळेतच खाल्लंय. ते शिकले म्हणून रेल्वेत लागले, म्हणून आम्ही दौंडला क्वार्टरमध्ये वाढलो, म्हणून मी आज टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करते. खुर्चीमागे बसून तिनं त्यांना धरलं होतं ते एकदाच नव्हे.

“तू नसतीस तर बाबा शिकले नसते,” एवढंच मी म्हटलं.

“तुझा बाप हुशार व्हता,” ती म्हणाली. “मी नुसत्या भाकरी थापल्या.” मग जुना, मूळ फोटो खणाच्या घडीसकट माझ्या हातात ठेवला. “ह्यो तू ने. तुझ्या बापाचा हाय.”

मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

मी कॅमेरा बरोबर नेला होता. बाळाचा फोटो काढायचा हे आधीच ठरलं होतं, शेजारी-शेजारी लावायचे होते ना. आता शेजार राहिला नव्हता. काढावा की नाही, मला कळेना. पण आत्याच उठली. “चल, पोरीचा तरी काढ.”

मी ओसरीत जागा धरली, दाराच्या उजव्या बाजूला, जिथं उजेड एकाच अंगानं येतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंग मदतीला नसतात, सगळं काम उजेडानं करायचं असतं. समोरून ऊन घेतलं तर चेहरा सपाट होतो. दुसऱ्या बाजूला माझा आतेभाऊ पांढरी चादर धरून उभा राहिला, म्हणजे सावलीतला गाल अगदीच काळा पडू नये. “मी काय आता चादर वाळत घालायची दोरी हाय का?” असं म्हणत होता, पण हलला नाही.

नात बाळाला घेऊन आली. बाळाचं तोंड पावडरीनं पांढरंशुभ्र केलेलं होतं. वहिनीनंच थापली होती, फोटो उजळ यावा म्हणून. मी काही म्हणायच्या आत आत्यानं पदराचं टोक ओलं केलं.

“पुसा ते. मला तोंड बघायचंय.”

“आई, काळी दिसंल पोरगी.”

“हाय तशी दिसू दे.” आणि तिनं स्वतःच कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू पुसून काढलं. गालावरची तीट तेवढी ठेवली.

बाळ नुकतंच मान धरू लागलं होतं, बसत नव्हतं. वहिनी नातीला म्हणाली, “तू खुर्चीमागं बस आन् दोन्ही बगलंत धर. ताई वरून ओढणी टाकतील.” सगळीकडे असंच करतात. मोबाइलवर फोटो काढतानाही आया पडद्यामागे, उशीमागे बसतात. नात खुर्चीमागे वाकली.

“कुठं चाललीस?” आत्या म्हणाली.

“धरायला, आजी.”

“धर की. पर म्होरं बसून धर. पोरीला मांडीवर घे. तुझं बी तोंड येऊ दे.”

“माझे केस पण नीट नाहीत.”

“नसू दे.”

नात खुर्चीवर बसली, बाळाला मांडीवर घेतलं. मी गुडघ्यावर बसले, कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. आतेभावाला चादर थोडी पुढं घ्यायला सांगितली. आत्या माझ्या मागे उभी राहून बाळाला हाका मारत होती आणि बाळ माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतं, ते चांगलंच झालं. बरेच फोटो काढले. मग लॅपटॉपवर टाकून त्यातला एक तिथंच ब्लॅक अँड व्हाइट केला. फारसं काही करावं लागलं नाही. दोन्ही डोळ्यांत दाराचा उजेड आला होता आणि गालाची कड स्पष्ट होती. तीट होती तिथं होती. आईचा एक केस तोंडावर आला होता, तो काढू का विचारलं तर आत्या नको म्हणाली.

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. बाळाकडे बघितलं, मग नातीकडे, मग परत बाळाकडे. बोट पडद्याला लावू नये हे मी दोनदा सांगितलं होतं, तरी तिनं लावलंच. बाळाच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर.

“समदी म्हनत्यात त्ये खरं धरायचं?” तिनं विचारलं.

मी त्या चेहऱ्याकडे आणि मग तिच्याकडे नीट बघितलं, फोटो तपासताना बघते तसं. डोळ्यांमधलं अंतर, वरच्या ओठावरची खोलगट खाच, हनुवटीचा आखूडपणा. सगळं होतं.

“खरं आहे,” मी म्हटलं. “ह्यात मला खोटं बोलायची गरज नाही.”

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली.

“मग बरी व्हते की गं मी,” ती म्हणाली, आणि लॅपटॉप नातीच्या हातात दिला, तिनंही बघावं म्हणून.